अल्बममधून गेलेला श्वास

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंना तोंड उघडवत नव्हतं, पण कान शाबूत होते. शेजारी रॉक बँडमधले दोघे, ड्रमर आणि गायक, कुजबुजत होते. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजत होते.

“नव्या अल्बममध्ये ड्रम मी वाजवलेले नाहीत.”

“अरे, माझ्यासमोर तर वाजवलेस!”

“माझं पेडल कुरकुरतं. तिथे कुरकुर कुठाय?”

“प्रोड्यूसरने साफ केली असेल. कंपनीला सगळं गुळगुळीत लागतं.”

“साफ करायला ती काय भांडी आहेत? आपण घरी गेल्यावर त्याने दुसऱ्याच कुणाला तरी बसवलंय.”

“तुला ना, जिथे तिथे काळंबेरंच दिसतं.”

“बरं. वरचा सूर लावण्याआधी तू सूंऽ करून श्वास ओढतोस. तो ऐकूनच मी ठोका देतो. खरं की नाही?”

“शाळेपासून.”

“अल्बममध्ये तो श्वासच नाही.”

“तोही काढून टाकला असेल.”

“असेल. आणि आवाज?”

“आवाज माझाच आहे! दुसऱ्या कुणाचा असणार?”

“शेवटचं गाणं नीट ऐकलंस?”

“ऐकायचंय अजून. कंपनीचे साहेब म्हणाले, फार छान झालंय.”

“आणि तू ऐकून घेतलंस! घे, हा इयरफोन घाल.”

गायकाने डोळे मिटले, मान डोलवली. मग वरचा सूर जवळ आला असावा; गायकाने सवयीने ओढलेला सूंऽ असा श्वास शिंपीणबाईंना शेजारून स्पष्ट ऐकू आला. गायकाची मान जागच्या जागी थांबली.

“हे कोण गातंय रे?”