दोन्ही हातांनी

सांगलीच्या स्टँडवर मिरजेच्या गाडीला मारुतीच्या शेपटाएवढी रांग. सतारी बनवणारा बशीर तिच्यात उभा होता. त्याच्या पुढं दोघी बायका. एकीच्या कडेवर घागरीएवढा वाळका भोपळा.

"राहीबाई, भाजीला का गं ह्यो?"

"कडू हाय, मनुबाई. सतारीचा. कडू म्हणून तर किडा लागत न्हाई."

"मग म्होटी पाटी बघून त्याच दुकानात दे."

"गेल्या साली गेलते की. त्यानं एका हातानं देठ धरून उचलला. तशीच माघारी आले."

"आगं, मग देणार कुणाला?"

"दोन्ही हातांनी घील त्याला. बाहत्तर सालच्या दुष्काळात बी ह्येचं बियाणं जपलंय मी. कुणाच्या बी हाती देईन व्हय?"

गाडी आली, रेटारेटी झाली. पायरी चढताना राहीबाईनं भोपळा मागं केला.

"आवं, धरा वाईच!"

बशीरच्या एका हातात नव्या तारांची पिशवी होती, दुसऱ्या हातात छत्री. दोन्ही चिखलात पडल्या.

आत बसल्यावर राहीबाईनं त्याच्याकडं निरखून बघितलं.

"कुठं जाणार, भाऊ?"

"मिरजेत. सतारी करतो मी."

"मग ऱ्हाऊ द्या त्यो तुमच्याच मांडीवर."