नद्या खलास, व्हिसा खलास

मंदीत माझी नोकरी ओढ्यांनी वाचवली, हे खोटं वाटेल तुम्हाला. दुबईतल्या टॉवरांची बांधकामं अडकली आणि बर दुबई भागातल्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात एकच काम उरलं: विमानातून काढलेल्या फोटोंवरून उत्तर कॅनडाच्या जंगलातल्या नद्यांचा नकाशा काढायचा. मॅनेजर म्हणाला, “नद्या खलास, तर व्हिसा खलास!” बायकोने बॅगा भरल्या. मी आणि शेजारच्या टेबलावरच्या जोशीने मग केसाएवढा ओढासुद्धा सोडला नाही.

एक दिवस हे काम देणाऱ्या कॅनडाच्या साहेबाचा फोन. आम्ही गार!

“इतके बारीक ओढे तुम्हाला दिसले कसे?”

जोशी म्हणाला, “सर, वाळवंटात राहतो आम्ही. पाणी दिसलं की सोडत नाही.”

साहेब खूश! शेजारच्या जंगलाचं कामही दिलं.

मी घरी फोन लावला. “अगं, बॅगा उघड!”

“आधी नद्या किती ते सांग. मग ठरवते, एक उघडू की सगळ्या!”