दारामागची चौकडी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, वाचनालयाच्या समितीचे सर्व सभासद, उद्यापासून सूत्रं हाती घेणारे नवे ग्रंथपाल साहेब, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या आमच्या ग्रंथपाल बाई, आणि समोर बसलेले सर्व वाचक,

सगळ्यांना धरलं ना? कुणी सुटलं असेल तर आत्ताच हात वर करा. मागाहून चहाच्या वेळी तोंड फिरवू नका.

मी मिस्त्री. या इमारतीची फरशी माझ्या वडिलांनी बसवली आणि तिची डागडुजी मी करत आलो. शाळा मी फारशी पाहिली नाही. जी पाहिली, ती तिथे फरशी बसवताना. मग इतकी शिकलेली माणसं सोडून मला भाषणाला का बोलावलं? मी घरी बायकोला विचारलं, "यात काही डाव तर नसेल?" ती म्हणाली, "लोकांना दुधात पाणी दिसतं, तुम्हाला कट दिसतो. जा, चार शब्द बोलून या."

तर आलो. येताना मुख्य दारात लाल गालिचा पाहिलात? पाहुण्यांना वाटलं असेल, तो त्यांच्यासाठी अंथरला आहे. त्यावर मी नंतर येतो.

त्या गालिच्याखाली करड्या फरशीत रंगीत फरशांच्या चौकड्या आहेत. एका फरशीवर फक्त एक वाकडी आकडी. नुसती पाहिली तर कशाचं काही कळत नाही. चार फरशा जुळल्या की स्वस्तिक. आमच्या घरात ते शुभ. वडील म्हणायचे, येणाऱ्याचं भलं होवो असं तोंडाने किती वेळा म्हणणार? म्हणून जमिनीवर लिहून टाकलं.

आता दुसरी गोष्ट. खांबाजवळ बसलेल्या या आजी तुम्ही ओळखता. भिंग घेऊन वाचतात, म्हणून आम्ही त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतो. या बाई नेहमी मागच्या दाराने यायच्या, जिथून रद्दी बाहेर जाते. मला सांगा, धडधाकट पुढचं दार असताना मागच्या दाराने कोण येतं? ज्याच्या मनात काळंबेरं असतं तोच ना?

मी ग्रंथपाल बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, पुस्तकं तपासा."

"का हो मामा?"

"भिंगवाल्या बाईंची पिशवी जाताना फुगलेली असते."

"आणि येताना?"

"ते बघायचं राहिलं."

बाई हसल्या. सगळं हसण्यावारी नेणाऱ्या माणसाचाही मला संशय येतो, पण ते असो. आज त्यांचा सत्कार आहे.

मी मागच्या दारात उभा राहिलो आणि आजींना अडवलं. "पिशवीत काय आहे?"

"स्वेटर. तुमच्या वाचनालयात गारठा फार. बघायचाय?"

"दाखवा."

स्वेटरच होता. मी बाह्यासुद्धा उलट्या करून बघितल्या. मग विचारलं, "पुढच्या दाराने का येत नाही?"

"तिथे ते आहे."

"काय आहे?"

"जमिनीवर. ती खूण." आणि मग त्यांनी सांगितलं, ते मी त्यांची परवानगी घेऊन सांगतो. त्या लहान असताना, दूर परदेशात, महायुद्धाच्या काळात, दंडावर ती खूण बांधलेली माणसं त्यांच्या घरात शिरली. आजी टेबलाखाली लपल्या होत्या. एकाने वाकून आत पाहिलं, तेव्हा त्याचा दंड अगदी त्यांच्या तोंडासमोर आला. वडिलांना घेऊन गेले. परत कुणी आणलं नाही.

गप्प बसायची मला सवय नाही. म्हटलं, "ते वेगळं. त्यांचं तिरकं असतं, आमचं सरळ." हे मी कुठेतरी ऐकलं होतं.

आजी म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही कधी तुमच्या पुढच्या दारातून आत आला आहात का?"

काय हा प्रश्न! जन्म गेला इथे. पण खरं सांगू? मी घमेलं घेऊन मागून येतो आणि फरशीच्या सांध्याच्या रेषेत उकिडवा बसतो. तिथून सगळं सरळ दिसतं. त्या दिवशी मी बाहेर गेलो, वळसा घातला आणि गृहस्थासारखा पुढच्या दारात उभा राहिलो. वडिलांनी फरशी कोनावर बसवली आहे, शोभा यावी म्हणून. दारातून पाहिलं तर एकेक स्वस्तिक टोकावर उभं. तिरकं. क्षणभर मला वाटलं, कुणीतरी माझ्या पाठीमागे फरशी फिरवली.

ग्रंथपाल बाईंनी मग मला जाडजूड पुस्तकं दाखवली. जुन्या मडक्यांवर तीच खूण, मूर्तीच्या पावलांवर तीच, थंड मुलखातल्या विणलेल्या पट्ट्यांवर तीच. कुठे ती सूर्य, कुठे विस्तव, कुठे तर नुसता दहा हजार हा आकडा. मी म्हटलं, "छापलेलं सगळं खरं कशावरून?" बाई म्हणाल्या, "हे खरं आहे मामा. आणि आजींचं टेबलही खरं आहे. आता काय करायचं?"

त्यांनी चार जुनी कार्डं घेतली, प्रत्येकावर आकडी काढली आणि टेबलावर जुळवली. झालं स्वस्तिक. मग एकेक कार्ड जागच्या जागी अर्धं फिरवलं. आकड्या बाहेर तोंड करून बसल्या, मधे मोकळा चौक राहिला. "फोडायचं काही नाही मामा. फक्त फिरवायचं."

मी म्हटलं, "आज फिरवा, उद्या उखडा, परवा तुमच्या मेहुण्याची चकचकीत फरशी."

"मला मेहुणा नाही."

"मग दीर असेल."

मी साफ नाही म्हटलं. वडिलांचा हात फिरला आहे त्या फरशीवरून. बाई फक्त "बरं" म्हणाल्या. या "बरं"मध्ये काय दडलंय, याने माझी झोप उडाली. आणि दुसऱ्या दिवसापासून काय बघतो, तर ग्रंथपाल बाई स्वतःच मागच्या दाराने यायला लागल्या! चिखल असो, हातात ओझं असो, आजींचा हात धरून रद्दीच्या पोत्यांमधून वाट काढत. मला वाटलं, आता दोघी मिळून पुस्तकं पळवणार. मी पाळत ठेवली. काही म्हणजे काही सापडेना. अहो, संशयालाही खायला काहीतरी लागतं. या दोघींनी माझ्या संशयाला उपाशी मारलं.

मग बाईंच्या निवृत्तीची बातमी आली. माझ्या डोक्यात एकच किडा शिरला: या बाई शेवटच्या दिवशीही रद्दीच्या वाटेनेच जाणार. वडिलांनी येणाऱ्या-जाणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून जे लिहिलं, त्याला वळसा घालून. मग ते लिहिणं कुणाच्या उपयोगाचं?

समारंभाच्या तयारीसाठी वाचनालय बंद होतं, तेव्हा मी छिन्नी काढली. जुनी फरशी उचलताना ठोका चुकला की तडा जातो. एकही तडा गेला नाही, वडिलांची कृपा. समितीला विचारलं नाही, कारण समितीने उपसमिती नेमली असती. वर गालिचा टाकला, तो खालचं काम बाईंनी आणि आजींनी सगळ्यांत आधी पाहावं म्हणून. पाहुण्यांनी माफ करावं, तो तुमच्यासाठी नव्हता.

एक चौकडी मात्र मी फिरवलेली नाही. लपवत नाही, सगळ्यांदेखत सांगतो. दाराच्या डाव्या फळीमागची, कोपऱ्यातली. तिथे हात चालेना. दार उघडलं की ती फळीच्या आड जाते, कुणालाही दिसत नाही. दार बंद केलं तरच दिसते. म्हणून नव्या साहेबांना माझी एकच विनंती: येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवा. तुम्ही ठेवाल की नाही याची मला शंका आहे, म्हणून मी येऊन बघत जाईन.

काय म्हणताय आजी? जरा मोठ्याने... "आधी भिंगातून बघेन, मग पाय ठेवेन," म्हणतात. बघा, खुशाल बघा. मीही तुमच्या स्वेटरच्या बाह्या उलट्या केल्या होत्या.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, याबद्दल आभार. बाई, चला. आजींचा हात धरा, गालिच्याचं टोक मी उचलतो. चहा नंतर. माझ्या बोलण्यात एखादा सांधा उंचसखल राहिला असेल, तर तो माझा समजावा, वडिलांचा नव्हे.