सगळेच दात तंतोतंत

आणि वर तो जोशुआ म्हणतो, "दात तंतोतंत आहे, मामा, तुमचा चरकच जुना आहे." आता बोला. सासऱ्याचं हरेगावच्या यात्रेतलं दुकान उभं राहता राहता बसलं, आणि जावयाचा दात तंतोतंत... कुणाला सांगायचं हे? तुम्हालाच सांगतो, नाहीतरी रिकामेच बसलाय.

एलिया म्हणजे देवळाली प्रवरेतला रसवंतीवाला. हाताने फिरवायचा उसाचा चरक, चाकाला घुंगरं, आणि यात्रेत लिंबाखालची जागा. ती जागा बायकोने, कृपाबाईने, भांडून मिळवलेली. कृपाबाई गेल्या पावसाळ्यात गेली, आणि तेव्हापासून शेजारचा बर्फगोळेवाला कानिफनाथ त्या जागेवर मनातल्या मनात स्वतःचा तंबू ठोकतोय. एक वर्ष जागा रिकामी राहिली की गेलीच समजा. आणि नेमके यात्रेच्या तोंडावर चरकाच्या गिअरचे दोन दात पडले. माणसाचे पडले तर भाकरी कुस्करून खाता येते, उसाला काय करणार?

लेक शॅरन म्हणाली, "आबा, हे कॉम्प्युटरवर काढून देतील की." हे म्हणजे जोशुआ. श्रीरामपुरात कॅडचे क्लास घेतो, पोरांना माऊसने लोखंड घडवायला शिकवतो. गडी हुशार. गिअरचा फोटो काढला, स्क्रीनवर दात एवढा मोठा केला की एलियाला चर्चचा मनोराच वाटला.

"अंदाज चालत नाही, मामा. दाताची बाजू सरळ नसते. रिळाचा दोरा ताणून सोडवताना त्याचं टोक जसं फिरतं, तसा तिला बाक असतो. पुस्तकातलं माप तुमच्या जुन्या चाकाशी जुळायचं नाही, म्हणून आहे त्यातलाच एक दात तंतोतंत काढायचा आणि गोल फिरवत कॉपी करायचा. झाला गिअर."

एक दात तंतोतंत. पण कुठला? बाकीचे झिजून बोराच्या बियांगत झालेले, त्यात एकच भरलेला, गुटगुटीत. जोशुआने नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं आणि एलियाने ते बोट धरून बाजूला केलं.

कारण तो दात मुळातला नव्हताच. कधीकाळी तुटला तेव्हा गावातल्या वेल्डरने भरून दिला, आणि भरताना हात जरा सैल सोडला. दर फेऱ्यात तो दात आला की खट्ट... अख्खा चरक हादरायचा, आणि कृपाबाई म्हणायची, "आला बघा जावई." का, तर फेऱ्यात एकदाच येतो, पण घर हलवून जातो. शॅरनच्या लग्नाच्या कितीतरी आधीचं हे नाव, जोशुआवर राग कुणाचाच नाही. पण हे आता जावयाला सांगायचं कुणी?

"त्यो नका घेऊ, बापू. त्यो वेल्डिंगचा हाय."

"म्हणजे नवाच की, मामा. त्याचाच बाक शिल्लक आहे."

"व्हय, पण त्याला आमी..." एलियाने शॅरनकडे बघितलं. शॅरन पंख्याकडे बघत होती.

"त्याला काय?"

"काय न्हाई. घ्या."

झालं. घेतला. दात तंतोतंत उतरला, मग कॉपी, कॉपी, कॉपी... स्क्रीनवर गिअर असा गुपचूप फिरला की जोशुआने त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. एमआयडीसीत कापून आणला आणि थेट यात्रेतच चरकाला बसवला, आधी फिरवून बघायला वेळ कुणाला होता?

एलियाने चाक ओढलं. खट्ट. पुन्हा खट्ट. खट्ट, खट्ट... प्रत्येक दाताला. ऊस आत जाईना, गेलेला बाहेर येईना, ग्लासं टेबलावरून चालत निघाली, आणि घुंगरं अशी पिसाळली की अर्धी यात्रा गोळा झाली. रस? थेंब नाही. मग एवढ्या उन्हात माणसांनी काय करावं? शेजारी गोळा खाल्ला.

कानिफनाथ गोळ्यावर रंग ओतत म्हणतो, "थांबू नका, मामा, फिरवत ऱ्हावा. लई गिऱ्हाईक येतंय. जागा तुमचीच हाय, कोन काय म्हनतंय का?"

थांबला तर जागा जाणार, म्हणून एलिया दिवे लागेपर्यंत रिकामा चरक फिरवत राहिला. जोशुआ शेजारी, दातावर दुर्बिणीगत डोळा लावून. "तंतोतंत आहे, मामा. बिलकूल चूक नाही."

एलियाने घाम पुसला, लेकीच्या कानाशी वाकला. "तुझी आई एकालाच वैतागायची. आता समदेच तसले."

शॅरनने ओढणी तोंडाला लावली. हसली का रडली, मला विचारू नका.

"काय म्हणाले मामा?"

"दात तंतोतंत आहे म्हणाले."