एका कार्डावर एकच पाहुणा

विमानतळावरच्या लाउंजच्या रांगेत इंजिनियरबाई उभी होती. पुढे एक मुलगा आणि त्याचे म्हातारे आईवडील.

“सर, तुमच्या गोल्ड कार्डावर एकच पाहुणा, तोही एकदाच,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“अहो, पाहुणे कुठले? आईबाबा आहेत माझे!”

“दोघांतलं कुणीतरी एक, सर.”

“हिला ने रे. गुडघे धरलेत हिचे. मी बसतो बाहेर.”

“अहो, पण तुम्ही…”

“जा म्हटलं ना!”

मायलेक आत गेली. इंजिनियरबाईनं आपलं कार्ड पुढे केलं. कामानिमित्त सारखा विमानप्रवास करून मिळालेलं. पाहुण्याची जागा कायम रिकामी.

“मॅडम, सोबत कुणी?”

“आहेत ना. हे काका.”

“मी? अहो ताई, मी तुमच्याबरोबर नाही.”

“आता आहात. चला.”

आत मुलगा एकटाच बसला होता, समोर चहाचे दोन कप.

“बाबा? तुम्ही आत कसे?”

“या ताईंनी आणलं. तुझी आई कुठाय?”

“ती तुमच्याकडे गेली! पलीकडच्या दारानं. म्हणाली, ते बाहेर अन् मला इथे घोट उतरत नाही.”

“अरे, पण मी तर इथे!”

“मग तिला परत आणू?”

“कुणाच्या कार्डावर?”

मुलानं इंजिनियरबाईकडे पाहिलं, तिनं हातातल्या कार्डाकडे. म्हातारा तोवर दाराशी पोचला होता.

“काका, बाहेर गेलात तर परत आत सोडता येणार नाही हं,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“नको सोडूस, पोरी. तिनं माझी जागा धरून ठेवली असेल.”