जातीच्या रकान्यावर इंडेक्स

प्रोग्रामिंगची टिप पाहिजे ना तुम्हाले? घ्या. सर्च स्लो असला तर लोकं कोणत्या रकान्यात जास्त शोधून राहिले ते पहा, अन् त्याच रकान्यावर इंडेक्स टाका, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी. मग मशीनले सगळा डेटा चाळा लागत नाही.

आमच्या वधू-वर साइटवर मी हेच केलं. स्थळ शोधलं की स्क्रीनवरचं चक्र नुसतं फिरत राहे, अन् मालक माझ्यावर ओरडे. मले वाटलं, लोकं शिक्षण पाहत असतील, नोकरी पाहत असतील. कोणी काय शोधलं त्याचा लॉग काढला, तर जो तो पहिले जात निवडे.

मालक म्हणे, "मग टाक ना गा जातीवर इंडेक्स! इतका काहून विचार करून राहिला?"

टाकला. सर्च असा पळाला की मालकानं आख्ख्या ऑफिसले तर्री-पोहे खाऊ घातले. माझी पाठ थोपटून म्हणे, "पाहा, नको ती स्थळं एका झटक्यात बाजूले!"

त्याच साइटवर माझ्या ताईचं स्थळ आहे. एमएस्सी, बँकेत नोकरी, जातीच्या रकान्यात बौद्ध.

तिले बाजूले सारायच्या आधी ते चक्र पहिले थोडा वेळ तरी फिरे.