पळता पळता झोपलेला दादा

हसू नका रे, माणूस पळता पळताही झोपतो. माझा दादा पलटणीत शिपाई. रात्रभर दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा, आणि उजाडलं की कवायत. ती कोणालाच चुकायची नाही. मी गिरणीत जाता जाता त्याला भाकर द्यायला मैदानावर जायचो.

एकदा हवालदार ओरडला, "थांब!" सगळी रांग थांबली. दादा आपला पळतोच आहे, डोळे मिटून! झोपलाय हे कळलं असतं, तर पलटणीतून नावच कापलं असतं. मला राहवेना. भाकर टाकली, मैदानात घुसलो आणि धावता धावता त्याचा खांदा हलवला. "दादा, ऊठ!"

हवालदार गरजला, "हा कोण?"

दादा दचकून म्हणाला, "धाकटा भाऊ, साहेब. मला उठवायला आलाय."

म्हणजे आपणच सांगून बसला! सगळे हसले. हवालदारही हसला. "मग रोज आण त्याला."

परवा तापात दादा गेला. सोनापूरच्या मसणात तिरडी खाली ठेवली, तसा मी पुन्हा त्याचा खांदा हलवायला लागलो. "दादा, ऊठ!" मी कोणालाच आवरेना. शेवटी हवालदाराने माझा हात धरला.

"निजू दे रे त्याला. आज कवायत नाही."